आपाच्या दोन स्क्रीनमधली फट

आमच्याकडे लग्न लागतं मांडवात, पण ते पुरं होतं अल्बम घरी आल्यावर. तोवर वरमाई कुरकुरत असते, करवल्या फोनवर फोन करत असतात, आणि मांडवात ज्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही अशी माणसं आपण फोटोत कुणाशेजारी आलोय याची चौकशी करत असतात. जुन्नर आणि आंबेगावातली अशी निम्मी चौकशी शेवटी एका बाईपाशी येऊन थांबते. तिचं नाव जहाँआरा तांबोळी. लहानथोर सगळे तिला आपा म्हणतात.

मी रत्नदीप. नारायणगावात स्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विकणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्या बायकोच्या मते तो माझा आजारही आहे. गिऱ्हाईक माउस घ्यायला आलं आणि नुसता माउस घेऊन गेलं तर मला दुपारचं जेवण गोड लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात निम्मी चूक माझ्या जिभेची होती.

आपाचं दुकान जुन्नरच्या पेठेत, एक अरुंद जिना चढून वर. तिचा नवरा अमजदभाई फोटो काढतो. एका लग्नात तीन-साडेतीन हजार फोटो काढायचे, कार्ड आपाच्या हातात द्यायचं आणि गप्प बसायचं, एवढंच त्याचं काम. पुढचं सगळं आपाचं. कुठला फोटो ठेवायचा, कुठला टाकायचा, कुणाला कुणाशेजारी बसवायचं आणि कुणाला अजिबात बसवायचं नाही, हे ती ठरवते. तिच्या वडिलांचा स्टुडिओ होता. चौदाव्या वर्षी ती निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण भरून काढायची. लग्नाला आलेल्या मुलींच्या आया तिच्या वडिलांना सांगायच्या, "पोरीकडूनच करून घ्या, तिचा हात हलका हाय." तोच हलका हात पुढे माउसवर आला.

लग्नाच्या अल्बमचं एक पान उघडलं की ते छत्तीस इंच रुंद पसरतं आणि त्याच्या मधोमध घडी असते. फोटो या घडीवरून आरपार जातो. नवशिक्याच्या अल्बमात या घडीत कुणी ना कुणी सापडतंच. कुणाचं नाक जातं, कुणाच्या मिशा दुभंगतात. एका गावात तर सरपंचांचेच दोन भाग झाले होते आणि विरोधी पार्टीनं तो फोटो निवडणुकीपर्यंत मोबाईलवर फिरवला. आपाच्या अल्बमात असं कधी झालं नव्हतं. माझ्याच लग्नाचं सांगतो. बुद्धवंदनेच्या फोटोत माझे वडील नानासाहेब नेमके मधोमध उभे होते. आपानं अख्खा फोटो चार बोटं डावीकडे सरकवला. वडील वाचले, पण पार कडेला उभ्या असलेल्या मावशीच्या नवऱ्याचं कोपर गेलं. मावशी त्यावरून अजून टोमणे मारते.

"बावीस वर्षं झाली," आपा येईल त्याला सांगायची, "माझ्या अल्बमात कोणाचा चेहरा मोडला न्हाई." हे ती कपाळावर हात ठेवून, दुवा मागितल्यासारखं म्हणायची. तिला दुसरी कसलीच घमेंड नव्हती, पण ही होती, आणि ती तिला शोभायची.

तिच्या टेबलावर दोन जुने चौकोनी मॉनिटर एकमेकांना चिकटून बसलेले असायचे. अल्बमचं डावं पान डाव्यावर, उजवं उजव्यावर. दोघांच्या काळ्या कडा जिथे जुळायच्या तिथे दोन बोटं रुंद फट दिसायची. ती फट माझ्या डोळ्यांत खुपायची. दिवसभर डावीकडे-उजवीकडे मान फिरवून आपाची मानही धरलेली असायची. मी गेलो की म्हणायचो, "आपा, आता एकच रुंद मॉनिटर येतो. बाक दिलेला, कर्व्ह. मान हलवायची गरज नाही, मध्ये फट नाही. अख्खं पान समोर."

"वाकडी पाटी माझ्या काय कामाची? माझं चाललंय की."

पालथ्या घड्यावर पाणी. पण मी ओतत राहिलो.

गेल्या एप्रिलात आहुप्याच्या हर्षालीचं लग्न झालं. मुलगा आपटाळ्याचा रविंद्र, तिचा सख्खा आतेभाऊ. म्हणजे मुलीचा बाप कुंडलिक आणि मुलाची आई भागू, हे दोघे सख्खे भाऊबहीण. मामाची मुलगी करायची रीत त्यांच्यात जुनीच. या दोघांची आई ठमाबाई, वय ऐंशीच्या पुढे. ती नवरीची बापाकडून आज्जी आणि नवऱ्याची आईकडून आज्जी. लग्नात तिला दोन्ही घरांकडून लुगडं आलं, आणि तिनं दोन्ही नेसून दाखवली, एक हळदीला आणि एक अक्षतांना.

लग्न लागल्यावर अमजदभाईनं सगळ्यांना देवराईच्या कडेला उभं करून एक मोठा फोटो काढला. सत्तर-ऐंशी माणसं असतील. डावीकडे नवरीची माणसं, उजवीकडे नवऱ्याची. पुढे खुर्च्यांवर हर्षाली आणि रविंद्र, आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये, मागे, ठमाबाई. तिच्या एका हातात कुंडलिकचा हात आणि दुसऱ्या हातात भागूचा. तिघंही हसतायत. अमजदभाईनं आयुष्यात काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी तो एक आहे, हे मी त्याचा मित्र म्हणून सांगत नाही.

मे महिन्यात दोन्ही घरं फोटो निवडायला जुन्नरला आली. आपाचा डावा मॉनिटर बिघडला होता, तो बघायला मीही तिथेच होतो. त्याच्यात सगळं गुलाबी दिसायला लागलं होतं. आपा नेहमी नवरीच्या माणसांना डाव्या पानावर घ्यायची आणि नवऱ्याच्यांना उजव्या. त्यामुळे पहिलंच पान उघडलं तेव्हा कुंडलिकच्या घरचे सगळे गुलाबाच्या फुलासारखे टवटवीत आणि भागूच्या घरचे कावीळ झाल्यासारखे.

भागू खुर्ची ओढून उजव्या मॉनिटरसमोर बसली. "आपा, आमची माणसं अशी उतारलेली का दिसत्यात?"

"अगं मशीन बिघडलंय. छापताना सगळी सारखी येत्यात."

"बिघडलंय तर त्यांच्याच बाजूनं बरं बिघडलं."

कुंडलिक डाव्या मॉनिटरसमोर मांडी ठोकून बसला होता. तो नुसता मिशीत हसला. तिथूनच वातावरण तापायला लागलं. दोन मॉनिटर, दोन घरं, मध्ये फट. मोठा फोटो आला तेव्हा आपानं तो दोन्ही पानांवर मिळून टाकून बघितला. ठमाबाई नेमकी फटीत गेली. एक डोळा कुंडलिकच्या मॉनिटरवर, एक भागूच्या.

"असा जमायचा न्हाई," आपा म्हणाली. "आज्जी मोडतीय. फोटो जरा सरकवून तिला कुठल्यातरी एका पानावर घ्यावं लागंल."

"मंग हिकडंच घ्या," कुंडलिक म्हणाला. "आई माझ्याच घरी ऱ्हाती. नवरीची आज्जी हाय ती."

"आन नवऱ्याची कोन हाय?" भागू म्हणाली. "रविंद्र झाला तवा बाळतपण माझं कोनी काढलं?"

"पर ऱ्हाती कुठं?"

भागूनं खुर्ची भावाकडे वळवली. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तुझ्या घरात ऱ्हाती, ठावं हाय मला. रोज तुझ्याच घरात हाय. फोटोत तरी माझ्याकडं दे की रं."

यावर कुंडलिकनं मोठेपणानं हो म्हणायला हवं होतं. पण आपटाळ्याची चारपाच माणसं मागे उभी होती, आहुप्याची चारपाच होती, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून नको तेच निघतं. "पोरगी दिली, आता आई पन द्यायची व्हय," असं तो म्हणून गेला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ठमाबाई बोलणार काय. ती खिडकीपाशी चहात बटर बुडवून खात होती. "मला कुठंबी ठिवा," ती म्हणाली. "मला चष्म्याबिगर दिसतंय कुठं." पण तिनं हातातलं बटर खाली ठेवलं होतं, ते मी पाहिलं.

भागू उठून जिना उतरली. खाली जीपमध्ये बसताना म्हणाली, "औंदा भाऊबीजेला मी येनार न्हाई." मेमध्ये दिवाळीचं बोलली, म्हणजे राग केवढा असेल बघा.

पंधरा दिवसांनी आपाला हर्षालीचा फोन आला. आता तिचीच गंमत झाली होती. बाप रुसलेला आहुप्यात आणि आत्या रुसलेली आपटाळ्यात, आणि ती आत्या आता सासू. "आपा, दिवाळसणाला आम्ही दोघं आहुप्याला जाणार. सासूबाई भाऊबीजेला नाही म्हणतायत. तुम्ही त्या पानाचं काहीतरी करा ना." पोरगी फोनवर रडली. आपानं तिला शब्द दिला. आपा शब्द देताना विचार करत नाही, दिल्यावर करते.

सगळा पावसाळा तिनं त्या एका पानावर घालवला. फोटो लहान केला तर माणसं ओळखू येईनात. डावीकडे सरकवला तर आज्जी कुंडलिकची, उजवीकडे सरकवला तर भागूची. आज्जीला कापून वेगळी चिकटवायची, तर तिच्या दोन हातांत दोन हात. ते कापायला आपाचा हलका हात तयार होईना. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ठमाबाई सगळा पावसाळा कुठल्याच पानावर नव्हती.

गणपतीच्या आसपास डावा मॉनिटर गुलाबीचा काळा झाला आणि कायमचा गेला. आपाचा मला फोन. "रत्नदीप, तसलाच एक दे."

"तसले आता बनत नाहीत, आपा. एक तर नवे दोन सपाट घ्या, नाहीतर तो एक रुंद. मी दोन्ही घेऊन येतो. हातच्या काकणाला आरसा कशाला, तुम्हीच बघा."

खरं सांगतो, मी ओझरच्या विघ्नहराच्या रस्त्यानं गाडी नेताना मनातल्या मनात विक्री करून टाकली होती. दोन सपाट मी फक्त हरवण्यासाठी सोबत घेतले होते.

आधी ते दोन सपाट लावले. कडा पातळ, फट अर्ध्या बोटाची. आपानं मोठा फोटो उघडला. ठमाबाई फटीत, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आपानं मान हलवली. मग मी कर्व्ह मॉनिटर खोक्यातून काढला, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठेवला आणि तोच फोटो त्यावर टाकला.

सत्तर-ऐंशी माणसं आमच्याभोवती अर्धगोल उभी राहिली. आणि मधोमध ठमाबाई, अख्खी. कपाळावरचं गोंदण, वाकडा दात, दोन्हीकडे गेलेले दोन हात. आपा खुर्चीतून उठली, जवळ गेली, मागे आली. मग पदरानं डोळे पुसले. "बघ की," ती म्हणाली, "कुठं मोडली न्हाई. मधी हाय आन सगळी हाय."

"फटच राहिली नाही, तर मोडेल कुठं, आपा?"

हे वाक्य माझं. ते मी इतक्या ऐटीत म्हटलं की अजून आठवलं की कान गरम होतात. अमजदभाई दारात उभा होता. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "भाई, आज फक्त बघा." तो सवयीप्रमाणे गप्प बसला.

आपानं त्याच दिवशी भागूला फोन केला. आज्जी मधोमध आहे, निम्मी इकडे निम्मी तिकडे नाही, सगळीच्या सगळी दोघांची आहे. भाऊबीजेला या आणि डोळ्यांनी बघा. भागू "बघू" म्हणाली. आमच्याकडे बघू म्हणजे येणार.

आता आपाची एक रीत सांगायला हवी. पुण्याच्या लॅबमधून छापून, बांधून आलेला अल्बम ती स्वतः उघडत नाही. खोकं तसंच बंद ठेवते आणि त्या घरात नेते. घरातल्या थोरल्या माणसाच्या हातानं ते उघडायचं, आणि पानं आपानं उलटायची. पहिली नजर घरच्यांची पडली पाहिजे, असं तिचं म्हणणं. बावीस वर्षांत या रीतीनं तिला कधी दगा दिला नव्हता.

भाऊबीजेला मीच गाडी काढली. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या मॉनिटरचा पराक्रम बघायला मी नको का? मागे आपा मांडीवर खोकं घेऊन, पुढे अमजदभाई. घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी काठोकाठ भरलेलं, पुढे खाचरांतून भाताची कापणी चाललेली. आहुप्याला पोचलो तर कुंडलिकच्या ओट्यावर आकाशकंदील, अंगणात रांगोळी, आणि आपटाळ्याची जीप आमच्याआधी येऊन उभी. भागू आली होती. भावाशी बोलत नव्हती, पण आली होती. हर्षाली दारात उभी राहून आपाकडे अशी बघत होती की आता सगळं तुमच्या हातात.

ठमाबाईनं खोक्याला हळदकुंकू लावलं, कात्रीनं पट्टी कापली आणि ओट्यावर सतरंजीवर अल्बम ठेवला. आपा पानं उलटायला लागली. साखरपुडा झाला, हळद झाली, वरात झाली. कुणाला कुणाची लबाडी दिसली, कुणाला कुणाचं पोट. हशा होत होता. कुंडलिक एका बाजूला, भागू दुसऱ्या बाजूला, दोघंही मान पुढे काढून. सतरावं पान आपानं जरा थांबून, मुद्दाम हळूच उलटलं.

ठमाबाई मधोमध होती. आणि तिच्या कपाळाच्या गोंदणापासून, नाकावरून, हनुवटीपर्यंत घडी गेली होती.

अजून पान पुरतं पडलंही नव्हतं, अर्धवट उभंच होतं, त्यामुळे चेहऱ्याच्या दोन फाकी झाल्या होत्या. एक डोळा कुंडलिककडे, एक भागूकडे. मेमध्ये दिसलं होतं अगदी तसंच. मला एकदम सगळं कळलं. फट मी मॉनिटरमधली काढली होती. अल्बममधली कोण काढणार? बावीस वर्षं आपा समजत होती तिचा डोळा चेहरे वाचवतोय. चेहरे वाचवत होती ती दोन बोटांची काळी फट. घडी जिथे पडणार नेमकी तिथेच ती असायची, आणि जो तिच्यात सापडेल त्याला आपा बाजूला घ्यायची. करायला गेलो गणपती, झाला मारुती, आणि मारुती घडवणारा कारागीर मी होतो.

भागू म्हणाली, "मधी ठेवली म्हनलात. दोन तुकडं केलं की हो."

आपाचा अंगठा घडीवर तसाच होता. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. "चूक माझी हाय," ती म्हणाली. "कोनाची न्हाई, माझी. आज्जी, मी तुमचा चेहरा मोडला." मी मध्ये बोलायला गेलो की चूक माझी, मॉनिटर माझा, पण तिनं हातानंच मला थांबवलं. "पान बदलून देते. आठ दिवसांत देते."

ठमाबाईनं चष्मा पुसला आणि लावला. सतरंजीवर पुढे सरकली. दोन्ही तळवे पानाच्या दोन बाजूंना ठेवून तिनं भाकरी थापावी तसं पान सपाट दाबलं. आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली.

"मोडली कुठं?" ती म्हणाली. "ही काय मी. सगळी हाय."

"मिटलं की मोडती, आई," कुंडलिक म्हणाला.

"मंग मिटू नका."

आपा म्हणाली, "न्हाई आज्जी, मी बदलून—"

"बदलशील म्हंजी काय करशील, ल्येकी? मला उचलून एका अंगाला ठिवशील." तिनं फोटोतल्या आपल्या दोन्ही हातांवर बोट ठेवलं, आधी एका, मग दुसऱ्या. "ह्यो कुंडल्या, ही भागी. दोगंबी धरल्यात. आता एक हात सोडू व्हय ऐंशीव्या वर्षी? ऱ्हाऊ दे असंच. उघडं ठिवा म्हंजी झालं."

भागू खाली मान घालून बसली होती. मला वाटलं रडतेय. पण तिचे खांदे हलत होते ते हसण्यानं. "आई," ती म्हणाली, "आजवर लगनाचा असा उघडा अल्बम कोनी ठिवलाय का गं?" आणि कुंडलिक, तो दगड, म्हणाला, "आमी ठिवतो. बघाया मातूर तू येत जा." तेवढंच म्हणाला. मेमध्ये हेच म्हणाला असता तर आम्ही सगळे पावसाळाभर सुखी असतो.

मग ओवाळणं झालं. भागूनं भावाला ओवाळलं, आणि ओवाळताना त्याच्या कानशिलावर अक्षतांचा इतका मारा केला की तो मागे सरकला. अल्बम सतरंजीवर सतराव्या पानावर उघडा होता. पुढची पानं त्या दिवशी कुणी पाहिलीच नाहीत. हर्षालीनं आपाच्या गळ्यात पडून तिचा पदर ओला केला, आणि आम्हाला नव्या तांदळाचा भात वाढला. मी तीनदा घेतला. इतका आनंद झाला होता की लाज वाटायलाही सवड नव्हती.

परतीच्या वाटेवर डिंभ्याचं पाणी डाव्या हाताला दिसायला लागलं तेव्हा अमजदभाई पहिल्यांदा बोलला. "त्या दिवशी मी हेच म्हणनार व्हतो. की घडीचं काय."

आपा मागून म्हणाली, "मग म्हनला का न्हाई?"

"ह्यानं सांगितलं, फक्त बघा."

आपाला हसू फुटलं. ती इतकी हसली की मला गाडी कडेला घ्यावी लागली. हसता हसता म्हणाली, "बावीस वर्षं लोकांना सांगत फिरले, माझा डोळा, माझा डोळा. आन काम करत व्हती ती काळी पट्टी. कॉम्प्युटरमधी घडी दाखवाया मधली निळी रेघ येते, ती मीच बंद करून ठेवली व्हती, आपल्याला काय गरज म्हणून." मग डोळे पुसून गंभीर झाली. "रत्नदीप, ते दोन सपाट अजून हायत का दुकानात?"

आहेत, मी म्हटलं. आणि आयुष्यात जे मी कुठल्याच गिऱ्हाइकाला म्हटलं नाही ते म्हटलं. "मोठा परत घेऊन जातो, आपा."

"कशाला? तो ऱ्हाऊ दे."

आता तुम्ही आपाच्या दुकानात गेलात तर असं दिसेल. भिंतीकडे तोंड करून तिच्या टेबलावर ते दोन सपाट मॉनिटर. फट अर्ध्याच बोटाची होती, तिला ती पुरेना, म्हणून तिनं दोन्हींच्या मध्ये काळी इलेक्ट्रिकची पट्टी चिकटवून ती दोन बोटांची केली. अल्बम तिथेच बनतो. आणि समोर गिऱ्हाइकांच्या बाकड्यापुढे तो मोठा, बाकदार. फोटो निवडायला येणारी दोन्ही घरं त्याच्यासमोर एकाच बाकावर बसतात. त्याला डावी-उजवी बाजू नाही, त्यामुळे भांडायला जागाही कमी. मान मात्र तिची अजून धरते. मी तिला नवीन खुर्ची सुचवली आहे. ती नको म्हणते. मी सोडणार नाही.

चेहऱ्यांचं ती अजूनही सांगते, फक्त थोडं बदलून. "बावीस वर्षांत एकच चेहरा मोडला," म्हणते, "आन तो बघायचा तर आहुप्याला जावा." लोक खरंच जातात. आधी देवराई बघतात, मग कुंडलिकचं घर विचारतात.

शिमग्याच्या आधी कुंडलिकनं घर रंगवायला काढलं तेव्हा मी तिकडे एका शाळेचा प्रिंटर दुरुस्त करायला गेलो होतो. अल्बम दिवाळीपासून फळीवर उघडाच होता. ठमाबाई रोज सकाळी पदरानं पुसायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. आता तो शेजारच्या घरात न्यायचा होता, आणि मिटायचा तर नव्हता. एका माणसाला तो उघडा पेलवेना, मधून वाकायचा. म्हणून आपटाळ्याहून भागूला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा भाऊबहीण अंगणातून चालले होते, डावीकडून कुंडलिकनं धरलेला, उजवीकडून भागूनं, एकमेकांच्या पावलाला पाऊल जुळवत. ठमाबाई काठी टेकत मागून येत होती आणि त्यांना सांगत होती, "दमानं रं, मी मधी हाय."